एअर रायफलमध्ये छर्रा नीट कसा बसवायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली भागात एअर रायफल शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. माहिती मुख्यतः १० मीटर स्पर्धेच्या ४.५ मि.मी. (.१७७ इंच) रायफलीची आहे. सरावाच्या साध्या स्प्रिंगच्या बंदुकीचा भाग जिथे वेगळा पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

छर्रा 'बसवणं' म्हणजे नेमकं काय? आत टाकला की झालं ना?

नाही. स्पर्धेच्या छर्ऱ्याला पुढे सपाट डोकं असतं, मध्ये कंबर असते आणि मागे पातळ, पोकळ घेर असतो. घेराला सगळे स्कर्टच म्हणतात. डोकं नळीतल्या पिळाच्या खाचांत धरलं जातं आणि छर्ऱ्याला फिरकी देतं. स्कर्ट मागून येणाऱ्या हवेनं फुगून नळीला घट्ट टेकतो आणि हवा पुढे निसटू देत नाही. छर्रा तिरका बसला, स्कर्ट दुमडला किंवा एकदा वर आणि एकदा खोल बसला, तर हवेचा तेवढाच दाब दर वेळी वेगळं काम करतो. नेम उत्तम असूनही गट, म्हणजे कागदावर जवळजवळ पडायला हवी असलेली भोकं, फुटतो, आणि शिकणारं पोरगं आपल्या श्वासाला नाहीतर ट्रिगरला दोष देत बसतं.

इतक्या बारीक गोष्टीनं गुणांत किती फरक पडेल?

हिशोब करून बघा. मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा साधारण १७२ मीटर प्रति सेकंद वेगानं सुटतो. १० मीटर जायला त्याला ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो जवळपास १६.६ मि.मी. खाली येतो. बसवण्यातल्या चुकीनं वेग ५ मीटरनं घटला, तर छर्रा आणखी १ मि.मी. खाली लागतो. रायफलीच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मि.मी.चा असतो आणि दशांश गुणांची प्रत्येक पायरी ०.२५ मि.मी.ची. म्हणजे १ मि.मी.ला चार दशांश गेले. १०.७ चा शॉट १०.३ होतो. ६० शॉटच्या फेरीत, जिथे कमाल ६५४.० गुण असतात, तिथे असे पंधरा शॉट गेले की ६ गुणांचं नुकसान. जिल्हा पातळीवरसुद्धा ६ गुणांत बरीच नावं मागेपुढे होतात.

नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा कसा बसवायचा?

छर्ऱ्याच्याही आधी हाताचं बघा. नळी खाली मोडली की स्प्रिंग दाबली जाते. त्या अवस्थेत ट्रिगर सुटला तर नळी झटक्यात वर येते आणि ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या, छर्रा भरायच्या तोंडात, असलेलं बोट चेंगरतं, तुटूही शकतं. म्हणून भरताना एक हात नळीवर घट्ट हवाच, आणि दुसऱ्या हातानं छर्रा घालायचा. ट्रिगरजवळ बोट नको. बंदुकीला आपोआप लागणारी सेफ्टी असली तरी नळी सोडायची नाही. नळीऐवजी बाजूचा किंवा खालचा दांडा ओढायची बंदूक (साईड लिव्हर, अंडर लिव्हर) असेल तर लिव्हर धरून ठेवायचा.

मग छर्रा डोकं पुढे करून अंगठा आणि तर्जनीत धरा, ब्रीचच्या तोंडावर सरळ टेकवा आणि अंगठ्याच्या मांसल भागानं सरळ रेषेत आत दाबा. नख लावू नका, नखानं स्कर्टची कड एका बाजूनं दबते. छर्ऱ्याची मागची कड ब्रीचच्या तोंडाशी समपातळीत आली, किंवा केसभर आत गेली, की झालं. बाहेर राहिला तर नळी मिटताना समोरच्या पृष्ठभागावर स्कर्ट चिरडतो. बोटानं चाचपून पाहा, कड बोटाला अडली तर तो अजून बाहेर आहे.

शेवटी नळी मिटवा, पण आपटू नका. आपटल्यानं बसलेला छर्रा हलतोच, शिवाय बिजागरीचा खिळा लवकर ढिला होतो.

बोटानं बसवावा की त्यासाठी मिळणारं हत्यार घ्यावं?

पेलेट सीटर म्हणून छोटं हत्यार मिळतं. त्याच्या टोकाला गोल मणी असतो. तो स्कर्टच्या पोकळीत टेकतो, छर्ऱ्याला दर वेळी एकाच खोलीपर्यंत, १ ते २ मि.मी. आत ढकलतो आणि स्कर्ट थोडा फुलवून गोल करतो. अंगठ्याचा जोर सकाळी वेगळा आणि दमल्यावर वेगळा असतो, हत्याराचा नसतो.

पण खोल बसवणं प्रत्येक बंदुकीला मानवतं असं नाही. काही स्प्रिंगच्या बंदुकींत खोल बसवल्यावर वेग घटतो, काहींत वाढतो. दोन्ही पद्धतींनी टेकू देऊन प्रत्येकी तीस छर्रे मारा, कागद शेजारी ठेवा आणि लहान गट देणारी पद्धत कायमची ठरवा. एकदा ठरवली की मध्येच बदलायची नाही. अर्धे छर्रे हत्यारानं आणि अर्धे अंगठ्यानं हा सगळ्यात वाईट प्रकार.

मॅच रायफलीत छर्रा बोटानं दाबावा लागत नाही. मग चूक कुठे होते?

हवेच्या सिलिंडरच्या रायफलीत छर्रा भरायच्या खाचेत ठेवतात आणि लिव्हर मिटला की आतला दांडा त्याला नळीत ढकलतो. खोली यंत्रच ठरवतं. तरी तीन चुका नेहमीच्या.

पहिली, छर्रा खाचेत आडवा किंवा तिरका पडणं. नळी किंचित खाली ठेवून छर्रा टाकला तर तो डोक्याच्या बाजूनं घसरत ब्रीचच्या तोंडाशी जातो. नळी वर असेल तर मागे घरंगळतो आणि लिव्हर त्याला कुशीवर चिरडतो.

दुसरी, लिव्हर झटक्यात मिटणं. हळू मिटवलात की शेवटच्या टप्प्यात छर्रा नळीच्या पिळात शिरतानाचा बारीकसा अडसर हाताला कळतो. हा अडसर ओळखायला शिका, सगळी कला तिथे आहे. एखाद्या वेळी तो नेहमीपेक्षा जास्त लागला तर छर्रा वाकडा आहे किंवा मोठा आहे. अजिबात लागलाच नाही तर छर्रा पडून गेला आहे किंवा खाच रिकामी आहे. दोन्ही वेळा थांबा, उघडा, बघा.

तिसरी, छर्रा उलटा भरणं. स्कर्ट पुढे गेला की तो टार्गेटवर कुठेही लागतो. ७५ मिनिटांच्या फेरीत शेवटच्या पंधरा मिनिटांत घाई झाली की हे हटकून घडतं. छर्रे डबीतून थेट न उचलता समोर ठेवलेल्या खाचांच्या पाटीत सगळे एकाच दिशेनं लावून ठेवले तर टळतं.

स्कर्ट वाकडा झालेला छर्रा वापरावा का?

स्पर्धेत नको, सरावात गट तपासतानाही नको. मऊ शिशाचा छर्रा टेबलावरून पडला तरी दबतो. भरण्याआधी स्कर्टचा गोल एकदा डोळ्याखालून घाला. शंका आली तर सपाट काचेवर घरंगळवा. चांगला छर्रा डोकं लहान-घेर मोठा असल्यानं सलग कमान काढत फिरतो, दबलेला अडखळतो. डबी खिशात खुळखुळवत नेली तर आतल्या छर्ऱ्यांची एकमेकांवर आदळूनच खराबी होते. डबीत स्पंजचा तुकडा घालून झाकण लावा.

डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. कोणता घ्यायचा?

तो डोक्याचा व्यास आहे, मि.मी.मध्ये. सर्वांसाठी चांगला असा आकडा नसतो, तुमच्या नळीला जो मानवतो तो चांगला. शेजारच्या मुलाच्या त्याच मॉडेलच्या रायफलीला ४.५० चालतो म्हणून तुमच्याही चालेल असं धरू नका.

तपासण्याची रीत अशी : रायफल क्लॅम्पमध्ये किंवा वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवा. प्रत्येक आकाराचे आधी दहा छर्रे नुसते मारा, म्हणजे आधीच्या छर्ऱ्यांचं शिसं नळीतून जाऊन नव्याचा थर बसतो. मग दहा-दहाचे पाच गट मारा. भोकाच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर मोजा. क्लॅम्पवर रायफल-छर्ऱ्याची जोडी जमली असेल तर दहा छर्ऱ्यांचं भोक ६ मि.मी.च्या आसपास राहतं, जेव्हा एकटा छर्राच ४.५ मि.मी.चा असतो. एका सुंदर गटावर भुलू नका, पाचही गटांची सरासरी घ्या. जमलेला आकार सापडला की त्याच बॅचच्या डब्या एकदम घ्या. बॅच बदलली की परत तपासणी.

छर्रे वजन करून निवडावेत का?

रायफलीचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. वजन १ टक्क्यानं, म्हणजे ०.००५ ग्रॅमनं बदललं तर वेग अर्ध्या टक्क्यानं बदलतो आणि छर्रा जेमतेम ०.१७ मि.मी. वर-खाली लागतो. एक दशांश गुणही जात नाही. म्हणून चांगल्या डबीतले पाचशे छर्रे रात्र जागून तोलायची गरज नाही. सोनाराच्या काट्यासारखा ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा हाताशी असेल तर ०.०१ ग्रॅमपेक्षा जास्त फरकाचे बाजूला काढा, ते सरावाला वापरा. हाच वेळ स्कर्ट तपासण्यात घातलात तर फायदा जास्त आहे.

चुकून दोन छर्रे भरले गेले किंवा छर्रा नळीत अडकला तर?

मागे आणखी एक छर्रा भरून पुढचा उडवायचा प्रयत्न कधीही करू नका. रायफलीचं तोंड ट्रॅपकडेच, म्हणजे टार्गेटमागच्या छर्रे झेलणाऱ्या पेटीकडेच, ठेवा. शूटिंग रेंजवर असाल तर हात वर करून अधिकाऱ्याला बोलवा.

सिलिंडरच्या रायफलीत दोन छर्रे गेले असतील आणि लिव्हर नीट मिटला असेल, तर छर्रा न भरता ट्रॅपमध्ये एक शॉट मारला की बहुधा दोन्ही बाहेर पडतात. नाही पडले तर सिलिंडर काढा, उरलेली हवा ट्रॅपकडे तोंड ठेवून सोडून द्या, ब्रीच उघडी ठेवा आणि प्लास्टिकच्या आवरणाच्या सळईनं, नाहीतर ४ मि.मी.च्या पितळी सळईनं, नळीच्या तोंडाकडून ब्रीचकडे हळू ढकला. लोखंडी सळई, छत्रीची काडी, सायकलचा स्पोक यांपैकी काहीही नळीत घालू नका. नळीच्या तोंडाची कड एकदा घासली गेली की अचूकपणा परत येत नाही.

स्प्रिंगच्या बंदुकीत आधी स्प्रिंग सैल आहे का ते बघा. दाबलेली असेल तर स्वतः खोलू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

छर्रा बरोबर बसवतो, तरी गट फुटतो. दोष बंदुकीत असेल का?

ब्रीचच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) तपासा. टिश्यू पेपरची बारीक पट्टी जोडावर हलकी ठेवा आणि ट्रॅपमध्ये शॉट मारा. पट्टी उडाली तर तिथून हवा निसटते आहे. ओ-रिंग कडक, चपटी किंवा चिरलेली असली तर बदला, किंमत नगण्य असते. तिच्याखाली शिशाची भुकटी अडकली असेल तर सुती कापडानं पुसूनही काम भागतं. त्यानंतर स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू बघा. स्प्रिंगच्या बंदुकीत ते धक्क्यानं दर काही शे शॉटनंतर सैल होतात आणि गट पसरतो.

आवाज मोठा येतो, धूर निघतो. तेल कमी पडलंय का?

उलट जास्त झालंय. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा हवा क्षणात तापते. नळीच्या मागच्या छिद्रात खनिज तेल टाकलं असेल तर ते डिझेल इंजिनासारखं पेटतं. वेग एकदम वाढतो, पुढच्या शॉटला घटतो, वॉशर जळतो, स्प्रिंग तुटते. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, घरात असेल ते टाकायची सवय सोडा. बाहेरच्या लोखंडावर पातळ बंदुकीचं तेल फडक्यानं पुसा, आत काही नको.

सिलिंडरच्या रायफलीत हा नियम आणखी कडक आहे. २०० बार दाबाच्या हवेच्या वाटेत खनिज तेल किंवा ग्रीस आलं तर स्फोट होऊ शकतो. ओ-रिंगला फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही नुसतं चमकण्यापुरतं.

सिलिंडरमध्ये हवा कुठली भरावी? उन्हात गाडीत राहिला तर?

फक्त कोरडी, गाळलेली हवा. ऑक्सिजन कधीही नाही, मग तो दवाखान्याचा असो की वेल्डिंगचा. तेलाचा कण आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की पेट घेतात.

हातपंपानं भरत असाल तर चाळीस-पन्नास दट्टे मारून पंप थंड होऊ द्या आणि दर वेळी पाणी काढायची झडप उघडा. जून ते सप्टेंबर कृष्णाकाठच्या हवेत ओल इतकी असते की झडपेतून थेंब दिसतात. ते सिलिंडरमध्ये गेले की आतून गंज धरतो. पंपाला सिलिका जेलची बाटली जोडली असेल तर तिचे दाणे रंग बदलले की भाजून कोरडे करा.

उन्हाचा हिशोब असा : २७ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६७ अंशाला गेला तर दाब २२६ बारच्या वर जातो. एप्रिलमध्ये सांगली-मिरजेच्या उन्हात उभी गाडी एवढी तापायला वेळ लागत नाही. स्पर्धेला जाताना सिलिंडर पायाशी, सावलीत, कापडात गुंडाळून ठेवा आणि पोचल्यावर अर्धा तास खोलीत ठेवून मगच दाब वाचा. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली असेल तर तो वापरू नका. बहुतेक मॅच रायफलींच्या ॲल्युमिनियम सिलिंडरना दहा वर्षांची मुदत असते. चांगला दिसतोय हे कारण पुरेसं नाही.

पावसाळ्यात छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी येते. चालतील का?

नाही. ती ओलीनं गंजलेल्या शिशाची भुकटी आहे. छर्ऱ्याचा व्यास बदलतो, नळी घासली जाते आणि भुकटी विषारी असते, फुंकून उडवू नका. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात लाकडी कपाटात ठेवलेल्या डब्यांना हे पटकन होतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं.

शिशाचा मुलांना त्रास होतो का?

छर्रा हातात धरून तोच हात तोंडात गेला तर होतो. लहान वयात शिशाचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो, त्यामुळे इथे तडजोड नाही. छर्रे ओठांत धरून भरायची काहींना सवय असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. सराव चालू असताना डबा-चिवडा उघडायचा नाही. संपल्यावर साबणानं हात धुवायचे, सॅनिटायझरनं शिसं जात नाही. ट्रॅप रिकामा करताना मास्क लावा आणि जमीन झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

घरी गच्चीवर किंवा पडवीत सराव चालेल का?

मागे काय आहे यावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या भिंतीवर छर्रा आदळला तर उलट येतो. जाड फळीवरूनही येतो. तिरक्या पोलादी पत्र्याचा ट्रॅप घ्या, त्याच्यामागे वाळूनं भरलेलं पोतं उभं करा, बाजूनं दुहेरी बारदान सैल टांगा. टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर येतं. त्या बाजूला दार, जिना किंवा गोठ्याची वाट नसावी. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा. मॅच रायफलीच्या छर्ऱ्यात ८ ज्यूलच्या आत ऊर्जा असते, पण डोळा जायला त्याहून कितीतरी कमी पुरते.

परवाना लागतो का?

४.५ मि.मी.पर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. खरेदीची पावती आणि मॉडेलची माहिती जपून ठेवा, प्रवासात रायफल बंद पेटीत न्या. परवाना नाही म्हणजे पक्षी मारायची मोकळीक नाही. मोर, हरियल किंवा इतर संरक्षित पक्ष्यांवर छर्रा झाडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार ठरते.

परदेशी व्हिडिओंत लोक घरी काडतुसं भरतात, टोपी बसवतात. पुढे .२२ किंवा मोठी रायफल घेतली तर ते करता येईल का?

नाही. काडतुसाच्या बुडाची टोपी म्हणजे ठिणगी देणारं स्फोटक असतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, स्वतःपुरता असला तरी. .२२ च्या काडतुसात तर टोपी वेगळी नसतेच, स्फोटक बुडाच्या कडेत भरलेलं असतं, त्यामुळे ते पुन्हा भरायची सोयही नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम) कांस्य मिळवलं, ते .२२ च्या रायफलीनं. त्या वाटेवर जायचं असेल तर क्लब आणि संघटनेमार्फत मिळणारी कारखान्याची काडतुसंच वापरायची.

नळी किती दिवसांनी साफ करावी?

मॅच रायफलीची नळी दर ५०० ते १००० छर्ऱ्यांनंतर, तीही फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) सफाई गोळ्यांनी. सिलिंडरच्या रायफलीत एक-दोन गोळ्या छर्ऱ्यासारख्याच ब्रीचमधून भरून ट्रॅपमध्ये मारा, काळ्या निघाल्या तर परत. स्प्रिंगच्या बंदुकीत असं मारू नका. फेल्ट हलकं असतं, पिस्टन मोकळा आदळतो, तिथे दोरीला बांधलेलं कापड ब्रीचकडून तोंडाकडे ओढा. साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा छर्रे भरकटतात, म्हणून सफाई स्पर्धेच्या आदल्या रात्री नको, निदान दोन सराव आधी उरकून घ्या.